राखून ठेवलेलं डिझेल

आमच्या सापेले गावातल्या मुलांच्या शाळेत मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय. इंधन, हवा आणि दाब एकत्र आले की डिझेल इंजिन पेटतं, हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की आता खडूसुद्धा ते आपणहून लिहील. त्या बुधवारी सकाळी सातपासून मी घरामागच्या शेडमध्ये आमच्या मोठ्या जनरेटरचं हँडल मारत होतो. टाकी भरलेली, हवेची जाळी साफ, आणि दाब असा की हँडल उलटं फिरून मनगट मोडायची पाळी. तरी इंजिन ढिम्म.

पुढच्या खोलीत माझे वडील पाठीशी चार उशा लावून बसले होते. आडवं व्हायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, कारण आडवं झालं की श्वास मिळत नसे. एकतीस वर्षं ते सॉ मिलमध्ये फिटर होते, आणि लाकडाच्या भुशानं त्यांची फुफ्फुसं आतून खाल्ली होती. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने, फार तर चार. तेवढे दिवस काढायला माझ्या बहिणीनं इटलीहून ऑक्सिजनचं मशीन पाठवलं होतं. चांगलं मशीन होतं, त्याला फक्त लाइट लागायची.

लाइट रविवारी दुपारी गेली. नेहमीसारखी गेली असती तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं, पण या वेळी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मरच जळाला. वीज कंपनीचा माणूस आला, मान वर करून धूर बघितला आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. त्यात तीन आठवडे पेट्रोलचा खडखडाट. आमच्या डेल्टात जमिनीखालून रात्रंदिवस तेल उपसतात आणि पंपाच्या दारात दोरी बांधून ठेवतात, याचं आता कुणाला नवलही वाटत नाही.

आमचं रोजच्या वापराचं छोटं पेट्रोल जनरेटर सोमवारी सकाळी कोरडं पडलं. मग शेजाऱ्यांनी भिंतीवरून वायर टाकली. पलीकडची प्रेशसची आई थंड पेयं विकते. फ्रीजसाठी ठेवलेलं पेट्रोल तिनं पापांच्या श्वासासाठी जाळलं आणि स्वतः कोमट बाटल्या विकल्या. मंगळवारी संध्याकाळी तिचंही संपलं. मग एकेका घरातून कपभर, वाटीभर पेट्रोल गोळा करत कशीबशी सकाळ गाठली. माझ्या बायकोनं, एसेनं, पहाटेच खाजगी दवाखान्यात जाऊन हातापाया पडून ऑक्सिजनचा एक सिलेंडर आणला. सरकारी डॉक्टर संपावर होते, खाजगी दवाखान्यात खाट नव्हती, आणि असती तरी पापा घर सोडायला तयार नव्हते. सिलेंडर साडेबारापर्यंत पुरणार होता.

राहता राहिलं मोठं जनरेटर. इंग्लंडमधलं जुनं, लोखंडाचं धूड. मिल बंद पडली तेव्हा भंगारातून पापांनी ते उचलून आणलं आणि स्वतःच्या हातानं उभं केलं. नाताळानंतर, हातात जरा ताकद होती तेव्हा, त्यांनी शेडचं दार आतून लावून दोन दिवस त्याच्यावर काम केलं होतं. शेजारी दोनशे लिटरचा ड्रम, काठोकाठ डिझेल, झाकणाला कुलूप. तेव्हापासून त्यावर ताडपत्री पडली ती पडली. सोमवारी मी म्हणालो, पापा, मोठं चालू करतो. ते म्हणाले, छोट्यावर भागव, ते मोठ्या कामाचं आहे.

मोठं काम म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोठं काम म्हणजे त्यांचं स्वतःचं दफन.

हसू नका. आमच्याकडे माणूस कसा जगला ते लोक विसरतात, कसा पुरला ते विसरत नाहीत. माझ्या आजोबांच्या दफनाला भाड्याचं जनरेटर आणलं होतं. संध्याकाळी जावयांचे ताफे ढोल घेऊन नाचत यायला लागले आणि ऐन वेळी ते बंद पडलं. अंधारात एक जावई गटारात पडला, त्याचा लेसच्या कापडाचा नवा कोरा पोशाख चिखलात गेला, बकऱ्याच्या मटणाची पातेली कुणी पळवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुणे न जेवता गेले. त्यानंतर तीस वर्षं पापा कुठल्याही समारंभाला गेले की कुणीतरी हळूच विचारायचं, मुकोरो, टॉर्च आणलायस ना? ते हसायचे. घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं. पण म्हातारा श्वासासाठी तडफडत असताना आधी श्वास की आधी उजेड, हा प्रश्न मला प्रश्नच वाटला नाही. बुधवारी मी विचारलंच नाही. त्यांच्या उशीखालून शेडची किल्ली काढली आणि शेड उघडली. सकाळी उठल्यावर वडिलांपुढे गुडघे टेकून ‘मिग्वो’ म्हणायचं आणि त्यांनी ‘व्रेंदो’, ऊठ, म्हणायचं, ही आमची रीत. त्या दिवशी घाईत तीही राहिली.

आधी मी पुस्तकातल्यासारखं सगळं केलं. फिल्टरच्या बुडाचा नट सोडून पाणी काढलं. थेंबभर निघालं. नळीत हवा अडकली असेल म्हणून इंजेक्टरकडचा नट सैल करून हँडल फिरवलं, तर डिझेल आलं. संथ आलं, पण आलं. म्हटलं, इंधन पोचतंय, मग घोडं कुठं अडलंय? हवेची नळी काढून झटकली. दाब सोडायचा खटका उचलून वेगानं हँडल फिरवायचं, वेग आला की खटका पाडायचा. असं चाळीस वेळा तरी केलं. प्रत्येक वेळी इंजिन दोन उसासे टाकायचं आणि गप्प व्हायचं. धूरसुद्धा नाही.

आठ वाजता एसे फोन घेऊन आली. "आत्याला कळवायला हवं," म्हणाली. "उद्या म्हणतील, भाऊ जातोय आणि सांगितलं नाही."

एजायता आत्या म्हणजे पापांची धाकटी बहीण, नदीच्या वरच्या अंगाला गावी राहते. फोनमध्ये दोन टक्के चार्ज उरला होता. मी म्हणालो, "आत्या, पापांचं काही खरं नाही. आज दुपारपर्यंतचाच ऑक्सिजन आहे."

"लाइट नाही का घरात, जिते?" तिनं विचारलं.

"नाही. मोठं जनरेटर चालू होत नाहीये."

पलीकडे ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं फोन मेला. मग म्हणाली, "बरं." आणि फोन खरंच मेला.

प्रेशसची आई भिंतीला वळसा घालून आली. तिनं इंजिनावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि इंजिनाच्या अंगातल्या सैतानाला नाव घेऊन बाहेर बोलावलं. प्रार्थना लांबली. मी हँडल धरून उभा राहिलो, कारण मध्येच फिरवलं तर तिचे हात गेले असते. शेवटी तिनं बाटलीतलं मंतरलेलं तेल इंजिनावर चोळलं. तेवढ्यात टेफे आला.

टेफे हा आमच्या भागातला डिझेल मेकॅनिक, पन्नाशीचा, पापांच्या हाताखाली मिलमध्ये शिकलेला. तो चालत आला होता. मोटरसायकलमध्ये होतं नव्हतं ते पेट्रोल त्याला पुरवून वापरायचं होतं. इंजिनावरचं तेल बोटानं पुसून त्यानं वास घेतला.

"आई, ऑइल कमी नव्हतं त्याच्यात."

"तू गप्प काम कर," प्रेशसची आई म्हणाली. "माझं काम मी केलंय."

टेफेनं मला बाजूला सारलं. इंजेक्टरचं नोजल बाहेर काढून नळीला तसंच जोडलं आणि पंपाचा दांडा हातानं वरखाली केला. कान नोजलला लावून ऐकत राहिला. "मास्तर, तुम्ही डिझेल बघितलंत, आवाज नाही ऐकलात. चांगलं नोजल करकरतं, बेडकासारखं. हे बघा, नुसतं लाळ गाळतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे पंप दाब धरत नाही."

मुलांना शिकवताना मी तीन गोष्टी सांगतो, त्यातली तिसरी मी चुकीच्या ठिकाणी मोजत होतो. मला स्वतःचीच चीड आली. टेफेनं पंपाच्या डोक्यावरचा मोठा नट सोडला, आत बोट घातलं, आणि बोट तसंच ठेवून माझ्याकडे बघितलं. मग टॉर्च मागितला. टॉर्चलाही जीव नव्हता, म्हणून पंप उजेडाकडे फिरवून बघितला.

"व्हॉल्व्ह नाही इथे," तो म्हणाला.

"तुटलाय?"

"तुटला तर तुकडे राहतात. इथे कुणीतरी व्हॉल्व्ह काढलाय, जागा पुसलीय, बोटभर ग्रीस लावलंय आणि नट परत आवळलाय. केवढा सुंदर आवळलाय बघा. सापेलेत असा नट आवळणारा एकच माणूस आहे."

आम्ही दोघांनीही घराकडे बघितलं.

मी हात न धुता आत गेलो. पापांच्या नाकात सिलेंडरची नळी होती आणि पलंगाशेजारी इटलीचं मशीन मुकाट्यानं उभं होतं. त्यांचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. एसे पायथ्याशी बसून केळ्याची पातळ पेज ढवळत होती. ती कुणी खाणार नव्हतं हे तिलाही कळत होतं.

"पापा, पंपातला व्हॉल्व्ह कुठंय?"

त्यांनी माझे काळे हात बघितले. दोन शब्द बोलायचे, श्वास घ्यायचा, पुढचे दोन बोलायचे, अशी त्यांची तेव्हाची बोलण्याची पद्धत होती.

"टेफेनं उघडला?"

"हो."

"बंद कर म्हणावं. धूळ जाईल."

"व्हॉल्व्ह कुठंय?"

"आहे. नीट आहे."

"तुमचा सिलेंडर साडेबाराला संपतोय."

"मला गेज वाचता येतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यभर हेच ऐकलं होतं. मी एकोणीस वर्षांचा असताना त्यांचं वेल्डिंगचं मशीन माझ्या हातून जळालं. त्या दिवसापासून या घरातल्या एकाही यंत्राला मी त्यांच्या देखरेखीशिवाय हात लावलेला त्यांना खपला नाही. पुस्तकी म्हणायचे मला, पाहुण्यांसमोरसुद्धा. मला वाटलं, आताही तेच चाललंय. स्वतःचा जीव चाललाय तरी माझ्या हातात व्हॉल्व्ह द्यायला माणूस तयार नाही.

"टेफे बसवेल तो," मी म्हणालो. "मी शेडमध्ये पाऊलही टाकणार नाही. मग तर झालं?"

त्यांनी मान हलवली. "ते नाही."

"मग काय? त्या दिवसासाठी डिझेल? त्या दिवशी आम्ही दुसरं आणू."

"कुठून?"

सगळ्या गावात डिझेल नव्हतं, आणि पुढच्या महिन्यात असेल असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या देशात जन्माला यायचाय. पण मी थांबलो नाही. म्हणालो, "तुमच्या वडिलांच्या दफनात लाइट गेली म्हणून तुम्ही आम्हाला हे बघायला लावणार? लोक काय म्हणतील याच्यासाठी? मला तुमचा राग येतोय पापा."

"येऊ दे," ते म्हणाले. मग दोन-तीन श्वास घेऊन म्हणाले, "मशीनवर, सहा दिवस. दफनाला, तीन रात्री. सगळ्या दिव्यांसकट. मी हिशेब केलाय."

एसे उठून बाहेर गेली. तिला माझ्यासमोर रडायचं नव्हतं.

मग आम्ही घर उलथंपालथं केलं. व्हॉल्व्ह म्हणजे करंगळीच्या पेराएवढी वस्तू. हत्यारांची पेटी, जुन्या बुटांचे डबे, चर्चच्या टोपीची खोळ, तांदळाचा पिंप, पलंगाच्या पोकळ पायांची बुचं, सगळं बघितलं. पापांच्या डोळ्यांसमोर त्यांचे कपडे झटकले. ते बघत होते, आणि मी चुकीच्या जागी शोधतोय हे त्यांच्या चेहऱ्यावर अगदी स्वच्छ दिसत होतं. मी त्यांच्या उशा एकेक करून उचलल्या. त्यांचं अंग इतकं हलकं झालं होतं की एका हातावर पेलत होतं, तेव्हा मला पहिल्यांदा आपण काय करतोय याची लाज वाटली.

टेफेनं त्याच्या पोत्यातून चिनी इंजिनाचे तीन व्हॉल्व्ह काढून लावून बघितले. दोन बसेचनात, एक बसला तर दोन सूत ढिला. "हा इंग्रज फार नखरेल आहे, मास्तर," तो म्हणाला. "वारी शहरात भंगारवाल्यांकडे असलं एखादं इंजिन असेल. मोटरसायकलच्या टाकीत जेवढं आहे तेवढ्यात जाऊन येतो."

"परत यायला पुरेल?"

"परत ढकलत येईन," म्हणाला आणि गेला. तेव्हा साडेदहा वाजले होते.

त्यानंतर मला करण्यासारखं काही उरलं नाही आणि तेच सगळ्यात वाईट होतं. मी पलंगाजवळ बसून गेजचा काटा बघत राहिलो. मध्ये एकदा पापांनी विचारलं, "टेफे, कुठे?" मी म्हणालो, वारीला. ते म्हणाले, "नाही मिळणार." चिडवण्यासाठी नाही म्हणाले. कामाची माहिती द्यावी तसं म्हणाले. बारा वाजता मी शेवटचा प्रयत्न केला. त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, तुम्ही मला आणखी सहा दिवस द्या, दफन मी मेणबत्त्यांवर करीन आणि मला त्याचं काही वाटणार नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या हातातला हात मात्र काढून घेतला नाही.

साडेबारा नाही, बारा वाजून चाळीस मिनिटांनी काटा शून्यावर बसला. एसेनं सगळ्या खिडक्या उघडल्या, प्रेशसच्या आईनं तिच्या दुकानातला पुठ्ठा आणला आणि दोघी आळीपाळीनं वारा घालायला लागल्या. बाहेरची हवा गरम होती, आणि तिच्यात त्यांना हवं तेवढं काही नव्हतं. त्यांचे ओठ राखेच्या रंगाचे झाले. ते घाबरले होते. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर दफनात सगळ्यांनी सांगितलं की पा मुकोरो शांतपणे गेले. ते शांतपणे गेले नाहीत. त्यांनी माझा शर्ट मुठीत धरला होता, आणि मी एकदा विचारलं, "सांगताय पापा?", तेव्हा क्षणभर मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मी पलंगाशेजारी गुडघे टेकले आणि सकाळी राहिलेलं ‘मिग्वो’ म्हणालो. उत्तर द्यायला श्वास नव्हता. त्यांनी तळवा जरासा वर उचलला, ऊठ म्हणाल्यासारखा. पावणेदोनला ते गेले.

टेफे अडीचला मोटरसायकल ढकलत आला. घामानं निथळत होता आणि हात रिकामे होते. दारातली माणसं बघून त्याला कळलं. तो शेडच्या पायरीवर जाऊन बसला आणि विनाकारण पान्हे पुसत राहिला.

तीनच्या सुमाराला एजायता आत्या आली. गावची गाडी चौकापर्यंतच येते, तिथून सत्तरीची बाई पळत आली होती. डोक्याचं फडकं खांद्यावर घसरलेलं. अंगणात मला बघताच तिनं कमरेच्या वस्त्राची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. दातांनी सोडली. आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिनं माझ्या हातावर ठेवलं.

"घे. लाव पटकन. मी शपथ मोडली, त्याचं मी देवाला सांगीन."

करंगळीच्या पेराएवढा व्हॉल्व्ह. ग्रीसमध्ये चमकत होता.

"आत्या," मी म्हणालो, "ते गेले. सव्वा तास झाला."

ती उभ्या जागी खाली बसली. लगेच रडली नाही. आधी तिनं विचारलं, "तू फोन केलास तेव्हा किती वाजले होते?"

"आठ."

"आठ," ती म्हणाली. "मी बारापर्यंत अंगणात बसून होते, जिते. हे हातात धरून. त्यानं मला बायबलवर हात ठेवायला लावला होता नाताळानंतर. म्हणाला, पाद्री माझ्या प्रेतावर प्रार्थना म्हणेल तेव्हा दे, त्याच्या एक मिनिट आधी नाही. मी म्हटलं, थोरल्या भावाला दिलेला शब्द आहे. मग म्हटलं, कसला शब्द. मग परत म्हटलं, शब्द आहे. बाराला निघाले. आठला निघाले असते तर..."

तिला मी वाक्य पुरं करू दिलं नाही. मला तिचा गळा धरावासा वाटत होता, आणि त्याच वेळी तिला मिठीही मारावीशी वाटत होती, म्हणून मी काहीच केलं नाही. फक्त विचारलं, "तुमच्याकडे का? मी घरात होतो. टेफे होता. माझ्यावर त्यांचा कधी भरवसाच नव्हता, हे माहितीये मला, पण इतका?"

आत्यानं मान वर केली. "भरवसा नव्हता असं कोण म्हणालं तुला? मी विचारलं होतं त्याला, जितेला का नाही देत, पोरगा आहे तुझा. तर म्हणाला, तो माझ्यावर जाळून टाकेल सगळं. एक थेंब ठेवणार नाही, मी कितीही ओरडलो तरी. म्हणाला, मी त्याला ओळखतो." ती थांबली. "आणि सांगताना खुश होता. लहान मुलाचं कौतुक सांगावं तसा."

सकाळपासून धरून ठेवलेला राग एकदम कुठे गेला कळलं नाही, आणि त्याच्याखाली जे होतं ते रागापेक्षा फार वाईट होतं. तोपर्यंत मी नुसता चिडलेला होतो. माझे वडील गेलेत हे मला तेव्हा कळलं.

व्हॉल्व्ह मी टेफेला दिला नाही. स्वतः बसवला. टेफे शेजारी उभा राहून बघत होता, आणि मी नट आवळताना त्यानं एकदाच म्हटलं, "अर्धा फेरा अजून." नोजल लावायच्या आधी मी पंपाचा दांडा हलवला. नोजल करकरलं. मी खटका उचलला, हँडल फिरवलं, वेग आल्यावर खटका पाडला. पहिल्याच वेळी इंजिन पेटलं. काळा धूर, मग निळा, मग काहीच नाही, नुसता एकसारखा ठोका. गल्लीत कुठेतरी मुलं, लाइट आली, असं ओरडली, आणि कुणीतरी त्यांना गप्प केलं.

घरातून एसेचा आवाज आला. ती किंचाळली नाही, तिनं फक्त माझं नाव घेतलं.

मी आत गेलो. खोलीतला दिवा लागला होता, पंखा फिरायला लागला होता. पलंगाशेजारच्या इटलीच्या मशीनचं बटण सकाळी पेट्रोल संपल्यापासून कुणी बंद केलंच नव्हतं. ते चालू झालं होतं. आत घेत होतं, बाहेर सोडत होतं, ठरलेल्या लयीत. त्याची नळी सिलेंडर लावताना काढून उशीवर ठेवलेली होती, पापांच्या गालाजवळ. तिच्यातून येणाऱ्या हवेनं त्यांच्या दाढीचे दोन-तीन पांढरे केस हलत होते. एसे भिंतीला टेकून बघत होती. माझ्यामागून आत्या आली, तिनंही बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

मी नळी उचलून त्यांच्या नाकाशी धरली. मूर्खपणा होता, मला माहीत होतं, पण धरली.

मग मी मशीनचं बटण बंद केलं, दिवा आणि पंखा बंद केला, आणि मागे जाऊन टेफेला इंजिन बंद करायला सांगितलं. दफनाची तारीख अजून ठरायची होती, आणि तीन रात्री पुरतील एवढं डिझेल तोवर जपायचं होतं.